मोटरवर हलणारा माइक स्टँड तपासायचा कसा?

गिटारचा अँप्लिफायर रेकॉर्ड करताना माइक बोटभर सरकला तरी आवाज बदलतो. १२ इंची स्पीकरच्या मधोमध धरला तर आवाज चिरका येतो, कडेला नेला तर मऊ. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) स्पीकरच्या जाळीजवळ नेला की खर्ज फुगतो. पूर्वी हे जमवायला एक मदतनीस त्या कानठळ्या बसवणाऱ्या खोलीत उभा राहायचा आणि इंजिनिअर काचेपलीकडून खुणा करायचा. रिमोटवर हलणारा स्टँड त्यासाठीच असतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन शिकून ऑडिओ टेस्टिंगमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी, अशा स्टँडवर काम करताना जे कळलं ते लिहितो आहे.

नवीन मुलं आधी स्टँड हलतो का ते बघतात. तो हलतोच. बघायचं हे की कालच्या जागेवर तो आज परत येतो का. कागदावर हिशोब झकास दिसतो: स्टेपर मोटरच्या (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरच्या) एका फेऱ्यात २०० स्टेप, लीड स्क्रूची (फिरला की नट पुढे सरकवणाऱ्या आट्यांच्या दांड्याची) एका फेऱ्याची चाल ८ मिमी, म्हणजे एका स्टेपला ०.०४ मिमी. पण नट आणि स्क्रू यांच्यात खेळ असतो. मॅग्नेटिक बेसवर डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लावा आणि माइक एकाच खुणेवर आधी डावीकडून, मग उजवीकडून आणा. एकाच बाजूने आणत राहिलात तर काटा शहाण्यासारखा तिथेच थांबतो. दिशा बदलली की खरा फरक दिसतो. औद्योगिक रोबोंसाठीच्या आयएसओ ९२८३ या मानकात पुनरावृत्तीची चाचणी ३० वेळा घेतात, तीच शिस्त इथे पाळावी. आणि माइक, केबल लावूनच तपासा. नुसत्या गाड्यावर (स्क्रूवर सरकणाऱ्या, माइक धरणाऱ्या भागावर) घेतलेल्या रीडिंगला मी किंमत देत नाही, कारण प्रवासाच्या टोकाला केबल ताणली जाते आणि गाडा मागे ओढते.

किती अचूकता पुरे? माझ्या मते अर्धा-एक मिलिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दोन माइकच्या अंतरात ५ सेंमी फरक असेल आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले, तर ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज पोकळ होतो. म्हणजे कानाला जाणवतो तो सेंटिमीटरांतला फरक; मिलिमीटरच्या शंभराव्या भागामागे लागून स्टँड महाग करण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी शांततेची. स्टेपर मोटर थांबलेली असतानाही जागा धरून ठेवायला करंट घेते आणि त्यातून बारीक शिट्टी येऊ शकते. गिटारच्या गोंगाटात ती लपते, तानपुऱ्यासमोर किंवा निवेदनात लपत नाही. रात्री उशिरा, पंखा-एसी बंद करून, कंडेन्सर माइक लावून मोटर चालू पण स्थिर ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा. मग मोटरचा करंट बंद करून तेवढंच परत. दोन्ही स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज, याचे आलेख) एकावर एक ठेवले की शिट्टीची रेघ वेगळी दिसते. करंट कमी करणं हा सोपा उपाय वाटतो, पण उभ्या अक्षावर ८ मिमी चालीचा स्क्रू स्वतःहून अडत नाही. जड माइक असेल तर गाडा हळूहळू खाली घसरतो. २ मिमी चालीचा स्क्रू सहसा धरून राहतो, मात्र हलतो सावकाश. म्हणून आवाजाची आणि वजनाची चाचणी एकाच रिपोर्टमध्ये, शेजारी शेजारी द्यावी.

रिमोटचा सिग्नल चालू हालचालीत तुटला तर स्टँड जागीच थांबला पाहिजे. लिमिट स्विच (प्रवासाच्या टोकाला मोटर थांबवणारं बटण) हाताने दाबून बघा. माइक स्पीकरच्या जाळीवर आदळता कामा नये.

"थोडा आवाज येतो" असं रिपोर्टमध्ये लिहिलं तर डिझाइनवाल्यांच्या हाती काही लागत नाही. कोणता माइक, मोटरपासून किती अंतरावर, गेन किती, रेघ कोणत्या फ्रिक्वेन्सीला, करंट निम्मा केल्यावर ती किती डेसिबलने उतरली, एवढं लिहा. सरावासाठी एक नेमा १७ मापाची स्टेपर मोटर, लीड स्क्रू आणि डायल गेज पुरतं. मोजमापाला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मुलाखतीला येताना असा घरी केलेला एक रिपोर्ट आणलात तर मी मार्कशीटच्या आधी तो वाचेन.