पक्ष्याच्या आकाराचा मातीचा जग: चोचीतून धार नीट पडावी म्हणून

पक्ष्याचा जग करायचा म्हटलं की बहुतेक जण पंखांपासून सुरुवात करतात. पिसं कशी कोरायची, रंग कोणता, डोळे कसे बसवायचे. जग मात्र ओतण्यासाठी असतो, आणि पक्ष्याचं शरीर त्या कामाला फार सोयीचं आहे: पोटात पाणी मावतं, मान वर जाते, चोच धार सोडते, शेपटीकडे हाताला जागा मिळते. तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे मातीचे जग सापडले आहेत. त्यांतल्या अनेकांवर पंख-पिसांचा पत्ता नाही, पण वर उचललेल्या लांब तोटीमुळे पक्षीच आठवतो. म्हणून इथेही क्रम तोच ठेवू: आधी ओतणारं भांडं, मग पक्षी. चाकाची गरज नाही, सगळं हातानेच करायचं आहे.

आधी कागदावर

पक्ष्याचं बाजूने दिसणारं चित्र प्रत्यक्ष मापात काढा. पाणी कुठून भरायचं, कुठून ओतायचं आणि हात कुठे धरायचा, हे चित्रावरच ठरवा. मग चोचीच्या टोकातून एक आडवी रेघ मारा. पाणी या रेघेच्या वर राहूच शकत नाही, भरतानाच चोचीतून बाहेर येतं. रेघेखाली अख्खं पोट आणि मानेचा बराचसा भाग येत असेल तर चित्र जमलं. चोच छातीपर्यंत वाकवून पिसं साफ करणारा पक्षी कितीही देखणा दिसला तरी जग म्हणून तो अर्धाच भरतो.

मापाचाही हिशोब आत्ताच करा. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी, माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण १० ते १२ टक्के आकसते. ही घट लांबीतली झाली. रुंदी आणि उंचीही तेवढीच घटते, त्यामुळे १२ टक्के आकसणाऱ्या मातीत घनफळ १०० वरून ६८ वर येतं. भाजल्यावर अर्धा लिटर पाणी मावायला हवं असेल, तर कच्चा जग जवळजवळ पाऊण लिटरचा करावा लागतो.

पहिल्या जगासाठी बसलेलं बदक किंवा कबूतर घ्या. पोट गोल, मान आखूड, बूड रुंद. बगळ्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका, लांब बारीक मान ओली असताना झुकते आणि नंतर आतून धुताही येत नाही. घुबड उभं असल्यामुळे घडवायला सोपं असतं. पिकासोने १९४७ पासून फ्रान्समधल्या वालोरिसच्या मादुरा कार्यशाळेत घुबडं केली, तीही अशाच उभ्या घाटाची आहेत. पण घुबडाची चोच तोंडाच्या मधोमध आणि आखूड. तिच्यातून नीट ओतता येत नाही, म्हणून धार डोक्यावरच्या काठातून काढावी लागते आणि चोच नुसती शोभेची उरते. मला ती तडजोड आवडत नाही.

माती

बारीक ग्रॉग मिसळलेली स्टोनवेअरची माती घ्या. ग्रॉग म्हणजे आधीच भाजून दळलेली माती. तिच्यामुळे भिंत उभी राहते आणि वाळताना तडे कमी जातात. सुमारे दीड किलो माती पुरते, थोडी उरतेही. उरलेली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, कान, म्हणजे जग धरायची मूठ, आणि चोच यांच्या दुरुस्तीला तिच्याच ओलाव्याची माती लागेल.

माती चांगली मळा, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि बुडबुडे निघतात. बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर भांडं फुटतं ते आत उरलेल्या पाण्याची वाफ होऊन. बुडबुड्याचा खरा त्रास इतकाच की तिथे भिंत कमकुवत होते.

पोट

साधारण ४०० ग्रॅमचे दोन गोळे करा. एक गोळा तळहातावर धरून मधोमध अंगठा घाला, तळाशी सुमारे एक सेंटिमीटर माती ठेवून थांबा. मग गोळा थोडा थोडा फिरवत अंगठा आणि बोटांच्या चिमटीत भिंत दाबत तळाकडून काठाकडे या. भिंत ६ ते ७ मिलिमीटर ठेवा, काठ किंचित जाड राहू द्या. दुसरी वाटीही तशीच. दोन्ही काठांचा व्यास पट्टीने मोजून सारखा करा. पंखांचा फुगवटा हवा असेल तर त्याची वेळ हीच आहे: वाटीच्या आतून अंगठ्याने हळूच बाहेर दाबा. वाट्या जोडल्या की आत हात जाणार नाही.

वाट्या उघड्यावर थोडा वेळ ठेवा. उचलल्यावर आकार बिघडत नाही, पण नखाची खूण सहज उठते, इतकी माती आवळली पाहिजे. मग दोन्ही काठांवर सुईने किंवा जुन्या काट्याने आडव्या-उभ्या चिरा पाडा, त्यांवर स्लिप लावा आणि वाट्या एकमेकींवर दाबून किंचित फिरवा. स्लिप म्हणजे त्याच मातीचं दह्याइतकं दाट केलेलं पाणी. चिरा न पाडता नुसती स्लिप लावली तर सांधा आज धरतो आणि वाळताना सुटतो. सांध्यावरून मातीची बारीक वळी फिरवा आणि ती दोन्ही बाजूंना बोटाने पुसत बुजवा.

आता हातात बंद पोकळ गोळा आहे आणि आतली हवा तुमच्या बाजूने काम करते आहे. भोक इतक्यात पाडू नका. हवा अडकलेली असताना गोळ्यावर लाकडी फळीने हलकेच थापटलं तर तो आत बसत नाही, हवा भिंतीला आतून आधार देते. एका बाजूला थापटून बूड सपाट करा. मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी थापटत शेपटी निमुळती काढा, छातीकडे गोलाई राहू द्या. फळी ओली असेल तर मातीला चिकटते, म्हणून कोरडी वापरा. थापटताना सांधा कुठे उघडतो का तेही कळतं, हवा निसटल्याचा बारीक आवाज येतो. तिथे लगेच स्लिप आणि माती भरा.

मान, डोकं आणि चोच

छातीच्या वर, पुढच्या बाजूला गोल तोंड कापा. निदान चार सेंटिमीटर ठेवा, बाटली धुण्याचा ब्रश आत गेला पाहिजे. कापलेल्या काठावर चिरा पाडून, स्लिप लावून मातीच्या वळ्या एकावर एक चढवत मान उभी करा. प्रत्येक वळी आतून आणि बाहेरून बुजवायची. आतून बुजवायचा कंटाळा केला तर पाणी तिथूनच झिरपतं.

डोकं बंद करू नका. मान वर नेत थोडी फुगवा, तेच डोकं. त्याचं वरचं तोंड उघडं ठेवा, पाणी तिथूनच भरायचं. लंडनच्या मार्टिन बंधू या कुंभारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रसिद्ध पक्ष्यांची डोकी झाकणासारखी निघतात, पण त्या बरण्या आहेत. जगाला तसं डोकं बसवलं तर ओतताना तेच आधी पडतं.

आता चोच. काठ जरा ओलसर करा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काठाच्या बाहेरून दोन बाजूंना टेकवा आणि उजव्या हाताचं ओलं बोट मधून आतून बाहेर ओढा. एका झटक्यात ओढलं तर काठ फाटतो. हलक्या हाताने पुन्हा पुन्हा ओढत चोच लांबवा. चोचीच्या खाली, गळ्याच्या आतल्या बाजूला बोटाने उथळ पन्हळ करा, म्हणजे पाणी चोचीत शिरण्याआधीच गोळा होतं आणि धार एकसंध पडते. पन्हळ टोकाकडे हळूहळू अरुंद व्हायला हवी. मध्येच रुंद झाली तर पाणी पसरून बाजूने सांडतं.

चोचीचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर सगळ्यात महत्त्वाचा. ओतणं थांबवल्यावर पाण्याचा ओघळ जगाच्या छातीवर उतरतो, कारण गोल काठाला पाणी चिकटून राहतं आणि वळून खाली जातं. काठाला कड असेल तर पाणी तिथेच तुटतं. माती आवळली की चोचीच्या टोकाची खालची बाजू चाकूने तिरकी छाटा आणि टोक अगदी किंचित खाली वळवा. ही कड डोळ्याला वाटते त्याहून जास्त तीक्ष्ण ठेवा, पुढे ग्लेझचा, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणाऱ्या लेपाचा, थर तिला बोथट करणारच आहे. परीक्षा लगेच घेता येते: जग ओतायच्या कोनात धरा आणि चमच्याने थोडं पाणी चोचीच्या मुळाशी सोडा. ओघळ आला तर आणखी छाटा. पाणी लगेच टिपून घ्या.

कान आणि बूड

कान ओढून केलेला चांगला. मातीचा लांबट गोळा एका हातात लोंबता धरा, दुसरा हात ओला करून वरून खाली ओढत त्याची निमुळती पट्टी करा. तिला कमान देऊन थोडी आवळू द्या आणि मग मानेच्या मागून शेपटीपर्यंत जोडा. आत तीन बोटं मोकळी मावली पाहिजेत, तीही आकसल्यानंतर. पट्टीचं टोक शेपटीत विरून गेलं तर कान वेगळा दिसतच नाही, पक्ष्याची शेपटीच वर उचलल्यासारखी वाटते. जोडल्यावर जगाकडे वरून बघा: चोच, मान, कान एका रेघेत हवेत. जरासा तिरका कानही मनगटाला प्रत्येक वेळी जाणवतो.

बारीक पाय करू नका, ते तुटतात. बुडाला मातीच्या वळीचं कडं लावा किंवा दोन बुटके पाय आणि शेपटीखाली तिसरा टेकू द्या. तीन टेकूंवर भांडं डुगडुगत नाही. जग पुढे झुकत असेल तर डोकं जड झालंय, तिथली माती आतून खरवडा.

पिसं आणि डोळे

इथे हात आवरा. वेगळी पट्टी चिकटवून केलेले पंख पोटापेक्षा लवकर वाळतात आणि कडेने सुटतात. त्यापेक्षा आतून आलेला फुगवटा आणि त्यावर दोन-चार रेघा पुरतात. रंगीत स्लिपचा थर देऊन तो खरवडत पिसं काढली तर खालची माती दिसते आणि धुताना बोटाला काही अडत नाही. डोळ्यांसाठी मातीच्या दोन बारीक गोळ्या आधी नुसत्या टेकवून बघा. चोचीपासून थोडं पुढे-मागे केलं की तोच पक्षी बावळट दिसतो किंवा रागावलेला. पसंत पडली ती जागा खुणेने धरून चिरा, स्लिप, मग गोळी. डोकं किंवा शेपटी कुठे बंद पोकळ राहिली असेल तर न दिसणाऱ्या जागी सुईने भोक पाडा, वाफेला वाट हवी.

वाळवण

पहिले दोन-तीन दिवस जग प्लास्टिकमध्ये पूर्ण झाकून ठेवा, म्हणजे जाड-पातळ भागांचा ओलावा सारखा होतो. मग प्लास्टिक सैल करा. चोचीचं टोक आणि कान आधी वाळतात, त्यांच्यावर प्लास्टिकची पट्टी जास्त दिवस राहू द्या. एकूण आठवडा-दहा दिवस धरा, दमट हवेत जास्त. जग गालाला लावून बघा, गार लागला तर आत पाणी आहे. कच्चा जग कानाला धरून उचलायचा नाही, दोन्ही हात पोटाखाली घालायचे.

कोरडी माती घासू नका, ओल्या स्पंजने पुसा. टेबल आणि जमीनही झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानेच पुसायची. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साठते आणि वर्षानुवर्षं साठत राहिली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

दोन भाजण्या

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण १००० अंश सेल्सिअसला. सुरुवातीचे काही तास तापमान १०० अंशांच्या खाली ठेवा, उरलेलं पाणी वाफेचा दाब न होता निघून जातं. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचा आकार एकदम बदलतो, तापताना वाढतो आणि थंड होताना घटतो, म्हणून दोन्ही वेळा तिथून सावकाश जा. भट्टी पुरती थंड झाल्याशिवाय उघडू नका.

बिस्क झालेला जग ओल्या स्पंजने पुसून बुडाला मेण लावा, म्हणजे तिथे ग्लेझ धरत नाही. आधी आतून ग्लेझ: जगात ग्लेझ ओता, फिरवा आणि चोचीतूनच परत ओता. धार कशी पडते ते इथेच दिसतं. आतला भाग वाळला की बाहेरून ग्लेझ द्या. चोचीच्या कडेवरचा थर बोटाने पुसून पातळ करा. आतलं ग्लेझ शिसं आणि कॅडमियम नसलेलं, खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी असलेलं आणि गुळगुळीत हवं. शोभेची खरखरीत ग्लेझेस बाहेरच ठेवा. बुडापासून तीन-चार मिलिमीटर जागा कोरी सोडा, नाहीतर वितळलेलं ग्लेझ जगाला भट्टीच्या फळीला चिकटवतं.

दुसरी भाजणी मातीच्या आणि ग्लेझच्या मापाने, स्टोनवेअरसाठी बहुधा १२२० ते १२५० अंश. दोघांचं तापमान जुळतंय ना हे विकत घेतानाच बघा. माती कमी भाजली गेली तर ती पाणी शोषत राहते, वर ग्लेझ कितीही चकचकीत असो.

बाहेर आलेला जग पाण्याने भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर जग वापरायला काढा. कागदावर ओलं कडं उमटलं असेल तर त्यात पाणी साठवू नका, आणि पुढच्या भाजणीआधी माती विकणाऱ्याने सांगितलेलं तापमान भट्टीत खरोखर गाठलं जातंय का ते शंकूने, म्हणजे ठरावीक तापमानाला वाकणाऱ्या भट्टीतल्या छोट्या सुळक्याने, तपासा.