रडू, राग, रुसवा : बालवाडीत नव्याने रुजू होणाऱ्या ताईंसाठी

पूर्वप्राथमिकची पदविका करून किंवा सेविकेचं प्रशिक्षण घेऊन वर्गात उभं राहिलं की पहिला प्रश्न पडतो तो वेळापत्रकाचा. ‘सामाजिक-भावनिक विकास’, म्हणजे भावना ओळखणं, सावरणं आणि इतरांशी जुळवून घेणं, हा बसवायचा कुठे? कागदावर त्याला स्वतंत्र रकाना आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला, २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. दोन्हींत हे विकासक्षेत्र आहे. मग कुठे कुठे साडेदहा ते अकरा ‘भावनांचा तास’ ठेवतात आणि त्याच तासात रडणाऱ्या पोराला ‘गप्प, नाहीतर पोलीस येईल’ म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी हे काम दारात होतं, नळापाशी होतं, खाऊच्या वेळी आणि भांडणात होतं. त्याला वेगळा तास लागत नाही, दिवसाची मांडणी नीट लागते.

रुळण्याचे दिवस

जूनमध्ये सगळी नवी मुलं एकाच दिवशी घेऊ नका. एक मूल रडलं की बाकीची त्याच्याकडे बघून रडतात, आणि एक ताई व एक मदतनीस मिळून एका वेळी दोन-तीन मुलांनाच खरं जवळ घेऊ शकतात. दर दोन दिवसांनी चार-पाच नवी मुलं, असा क्रम लावला तर वीस मुलं आठ-दहा दिवसांत आत येतात. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षिका ‘हजेरी कमी दिसते’ म्हणतील. वेळापत्रक लिहून आधीच त्यांच्या हाती द्या.

मूल येण्याआधी घरी एक फेरी मारा. नाही जमलं तर आईला किंवा आजीला अर्धा तास बसवून विचारा : घरी काय नावाने हाक मारता? शू-शीला घरात कोणता शब्द आहे? झोपताना काय जवळ लागतं? दिवसभर कोण सांभाळतं? कशाला घाबरतो? शूचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो माहीत नसला की मूल सांगत राहतं, ताईला कळत नाही, चड्डी ओली होते आणि दुसऱ्या दिवशी ते दारातच बसकण मारतं.

पहिल्या दिवशी फक्त एक तास, आईसोबत. आईने भिंतीला टेकून बसायचं. खेळात शिरायचं नाही आणि मोबाइलही बघायचा नाही, कारण मूल सारखं मागे वळून तिची नजर शोधतं. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी आई सांगून दहा मिनिटं बाहेर जाते आणि खरोखर दहा मिनिटांत परत येते. चौथ्या दिवशी अर्धा तास, मग खाऊपर्यंत, मग पूर्ण वेळ. काही मुलांना यातल्या निम्म्या पायऱ्या लागत नाहीत, काहींना दुप्पट लागतात. बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत रुळतात.

नव्या ताया सर्वांत जास्त फसतात ते इथे : मूल खेळात रमलं की आईला खुणेने ‘निघा’ म्हणतात. त्या दिवशी शांतता मिळते. पण नजर हटली की आई नाहीशी होते हे मुलाला कळलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून ते तिचा पदर सोडत नाही आणि खेळातही रमत नाही. निरोप घ्यायचाच, छोटा आणि रोज सारखा. एक पापा, एक टाळी, ‘खाऊ झाला, गोष्ट झाली की मी आले.’ घड्याळातले बारा मुलाला कळत नाहीत, ‘गोष्ट झाल्यावर’ कळतं. आई दारात पाच-पाच मिनिटं रेंगाळली की रडणं लांबतं. तिला प्रेमाने पण ठामपणे निघायला सांगा. आणि पहिल्या दोन आठवड्यांत न्यायला उशीर करू नका, हे घरच्यांना बजावून सांगा.

मागे राहिलेल्या मुलाजवळ गुडघ्यावर बसा आणि जे झालं ते बोला : ‘आई गेली, म्हणून रडू येतंय. गोष्ट झाली की आई येणार.’ ‘रडू नको’ म्हणून रडू थांबत नाही, ‘ती बघ कशी शहाणी बसलीये’ म्हटलं की रडण्यात लाजेची भर पडते. मग हाताला काम द्या. पाणी आणि दोन-तीन भांडी, मटार सोलणं, कणकेचा गोळा. खेळायची कणीक अशी भिजवा : दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, दोन चमचे तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी, साधारण पाऊण वाटी. मिठामुळे ती जरा टिकते आणि मुलं फारशी खात नाहीत. पण बोटाला जखम असेल त्या मुलाला झोंबते, त्याला वाळू द्या. पावसाळ्यात डबाबंद ठेवूनही दोन दिवसांनी आंबूस वास येतो, तेव्हा टाकून द्यायची. घरून आणलेलं दुपटं किंवा आईच्या ओढणीचा तुकडा काढून घेऊ नका. खेळ रंगला की तो आपोआप बाजूला पडतो.

पहिला आठवडा हसत आलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात रडायला लागलं तर घाबरू नका. नवलाई संपली आणि हे आता रोजचंच आहे हे कळलं, इतकंच. आजारपणानंतर, दिवाळीच्या सुट्टीनंतर, घरात बाळ आल्यावरही असंच होतं. लक्ष ठेवायचं ते अजिबात न रडणाऱ्या, कोपऱ्यात दप्तर पोटाशी धरून उभ्या असलेल्या मुलावर. त्याचा त्रास होत नाही म्हणून ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

मस्ती कुठून येते

तीन वर्षांचं मूल गोलात पाच-सात मिनिटं बसतं, पाच वर्षांचं दहा-पंधरा. त्यापुढे ढकलाढकल सुरू झाली तर तो त्याचा स्वभाव नाही, आपलं नियोजन चुकलं. बहुतेक भांडणं वाट बघण्यात होतात : एक नळ आणि पंचवीस मुलं. चार-चार जणांना हात धुवायला पाठवा, बाकीच्यांचं बडबडगीत मदतनीस चालू ठेवेल. बसण्याचं काम आणि हालचालीचं काम आलटून पालटून ठेवा. दिवसाचा क्रम पाच-सहा चित्रांत काढून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि झालेलं चित्र त्यांच्याच हातून उलटं करवा. न्यायला यायचं चित्र शेवटचं. नवी मुलं दिवसातून कितीदा तरी तिथे जाऊन बोट लावून बघतात.

खेळ थांबवताना ‘पाच मिनिटं राहिली’ याला अर्थ नाही. ‘अजून दोन घसरगुंड्या’, ‘हे घर बांधून झालं की’ हे समजतं. आवरण्याचं गाणं रोज तेच हवं. तुम्हाला कंटाळा येईल, मुलांना येत नाही.

साहित्य घेताना वीस वेगवेगळी खेळणी आणण्यापेक्षा एकसारख्या चार गाड्या, चार बाहुल्या आणा. तीन वर्षांची मुलं शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळतात. वाटून घेणं चौथ्या-पाचव्या वर्षी जमायला लागतं. त्याआधी ‘दे त्याला, तू मोठा ना!’ म्हणून हातातलं काढून घेतलं तर मूल वस्तू जास्तच घट्ट धरायला शिकतं. भातुकलीच्या कोपऱ्यात चारच बसकरं ठेवा. बसकर रिकामं नसेल तर जागा नाही, हे मुलं स्वतःच एकमेकांना सांगतात.

चावलं, ओरबाडलं, ढकललं

आधी शरीराने मध्ये या, लांबून ओरडू नका. पहिलं लक्ष लागलेल्या मुलाकडे : जागा साबण-पाण्याने धुवा, गार ओलं फडकं ठेवा; कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी घरी कळवून आरोग्य केंद्रात दाखवा. मग चावणाऱ्याकडे वळून, त्याच्या उंचीवर बसून, तीन छोटी वाक्यं : ‘चावायचं नाही. त्याला दुखलं. राग आला की मला हाक मार.’ याहून लांब भाषण त्या वेळी डोक्यात शिरत नाही. ‘सॉरी म्हण’ची सक्ती करू नका. सक्तीने म्हणायला लावलं की मूल शब्द फेकून मोकळं होतं, आणि काही दिवसांनी आधी ‘सॉरी’ म्हणून मग मारतं. त्यापेक्षा फडकं ओलं करून आणायला लावा. काहीतरी दुरुस्त करता येतं, हे त्याला हाताने कळतं.

पुन्हा पुन्हा चावणाऱ्या मुलासाठी आठवडाभर तीनच गोष्टी लिहा : किती वाजता, कुठे, त्याच्या लगेच आधी काय झालं. बऱ्याचदा खाऊच्या आधीची भूक, कोपऱ्यातली गर्दी किंवा बोलता न येण्याची चडफड निघते. भूक असेल तर खाऊ पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, निम्मं काम होतं. ‘त्यालाही चावून दाखवा म्हणजे कळेल’ हा सल्ला गावोगाव मिळतो. त्याने एवढंच कळतं की मोठी माणसंही चावतात. दोन्ही घरी सांगायचं, पण चावणाऱ्याचं नाव आपण घ्यायचं नाही. वाडीत संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना कळलेलं असतंच, तरी तुमच्या तोंडून नको.

चार-पाच वर्षांच्या मुलांच्या भांडणात न्यायाधीश होऊ नका. वादाची वस्तू स्वतःच्या हातात धरा, दोघांचं एकेकदा ऐका, ऐकलेलं जसंच्या तसं परत बोला आणि विचारा, ‘आता काय करूया?’ त्यांचा तोडगा तुम्हाला अन्यायाचा वाटला तरी दोघं राजी असतील तर चालू द्या. कट्टी-बट्टीत पडूच नका; मात्र एकच मूल आठवडाभर सगळ्यांच्या कट्टीत असेल तर त्याला जोडीचं काम द्या, सतरंजी दोघांनी मिळून उचलायची, असं.

भावनेचे शब्द आणि घरची भाषा

भिंतीवर चार पिवळे चेहरे चिकटवून काही होत नाही. शब्द प्रसंगात द्यावे लागतात : ‘मनोरा पडला, राग आला ना?’, ‘पाहुणे आले म्हणून लाजलीस?’ राग, भीती, आनंद यांवर थांबू नका. रुसवा, कंटाळा, हेवा, धाकधूक हेही मुलांना रोज होतं. लहानांशी शरीरापासून सुरुवात करा : ‘पोटात गोळा आलाय का? छातीत धडधडतंय?’ पायमोज्याची बाहुली इथे फार उपयोगी पडते. ताईला न सांगितलेलं मूल बाहुलीला सांगतं.

मुलाची घरची भाषा वारली, कोरकू, पावरी, गोंडी किंवा अहिराणी असेल तर प्रमाण मराठीतली सांत्वना त्याच्यापर्यंत पोचत नाही. आई, पाणी, शू, दुखतंय, भूक, घरी जायचं, भीती वाटते, ये, बस, छान, हे दहा शब्द त्याच्या आईकडून ऐकून देवनागरीत लिहून भिंतीवर लावा. मदतनीस त्याच पाड्यावरची असेल तर पहिले दिवस मूल तिच्याकडे राहू द्या, त्यात कमीपणा नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलाच्या ओळखीच्या जागेपासून सुरुवात करायची, ही रीत आजही तितकीच चालते.

बीडसारख्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट येते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या आसपास जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. जाण्याआधी वर्गात निरोप द्या, त्यांचं चित्र आणि दप्तराची खुंटी तशीच ठेवा. परत आल्यावर जुनं मूल समजून थेट गोलात बसवू नका. दोन-तीन दिवस छोटं रुळणं पुन्हा द्या. इतर मुलं चेहरा विसरलेली असतात.

स्नेहसंमेलनात स्टेजवर रडणाऱ्या मुलाला नाचायला उभं करणं बंद केलं तर वर्षभराचं बरंच काम वाया जाणार नाही, हे जाता जाता.

आपल्या आवाक्याबाहेरचं कधी

घरी भरपूर बोलणारं मूल महिना उलटूनही बालवाडीत एक शब्द बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, आधी येणारे शब्द किंवा सवयी हरवत असतील, शू-शीची सवय अचानक मोडली असेल, एका ठरावीक माणसाला बघून गोठत असेल, तर तारखेसह लिहून ठेवा आणि पालकांशी एकांतात बोला. आजाराचं नाव तुम्ही घेऊ नका. ‘मला हे हे दिसलं, घरी काय दिसतं?’ एवढंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणं अपेक्षित असतं, पण त्याची वाट बघत बसू नका. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत जाता येतं.

अत्याचाराची शंका आली तर मुलाची उलटतपासणी करू नका. ते सांगेल तेवढं ऐका, त्याच्याच शब्दांत लिहा, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, ‘संस्थेचं नाव जाईल’ ही सबब तिथे चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, दिवसरात्र चालू असते.

नोंदींचं म्हणाल तर रोज पंचवीस मुलांबद्दल लिहायला गेलात तर आठवड्यात वही बंद पडेल. रोज तीन मुलं, प्रत्येकी तीन ओळी : कोणाशी खेळलं, कशाने चिडलं, शांत कसं झालं. आठ-नऊ दिवसांत वर्ग पुरा होतो. ‘मूल आनंदी होते’ असली ओळ लिहू नका, तिचा पुढे काहीच उपयोग नाही. ‘ठोकळे पडल्यावर रडला, दोन मिनिटांनी स्वतः उठून पाणी प्यायला’, ही ओळ महिन्याने कामी येते. न्यायला आलेल्या आईला ‘छान आहे हो’ म्हणण्याऐवजी तीच ओळ वाचून दाखवा, घरी बोलायला विषय मिळतो.