पूलचा रॅक गावातच बनवून घेताय? मग या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावात माझं छोटं पूल पार्लर आहे, दोन टेबलांचं. पूल म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारून भोकात घालायचा खेळ. टेबलासोबत आलेला प्लास्टिकचा त्रिकोण, म्हणजे रॅक, खेळ सुरू करताना बॉल आवळून मांडायची चौकट, कोपऱ्यातून फुटला, आणि पोट्ट्यांना आता एट बॉलवर भागत नाही, नाइन बॉल पाहिजे, टेन बॉल पाहिजे, मग म्हटलं सगळ्या गेमचे रॅक इथल्याच वाढईकडून करून घेऊ. पहिले तीन रॅक वाया गेले भाऊ. प्लाय गेला, मजुरी गेली, अन् प्रत्येक वेळी चूक वेगळीच निघाली. दुसऱ्या कोणाचा पैसा तसा जाऊ नये म्हणून लिहितो आहे.

आधी माप. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, म्हणजे सव्वादोन इंच. स्नूकरचा ५२.५ मिमी, त्यामुळे स्नूकरच्या त्रिकोणावरून माप उचलू नका, तो जवळपास पावणेतीन सेंटीमीटर लहान असतो. एट बॉलला पंधरा बॉल मांडतात, त्या त्रिकोणाची आतली बाजू ३२७.६ मिमी येते, टेन बॉलच्या त्रिकोणाची २७०.४. यात आणखी एक-दीड मिमी मोकळं ठेवायचं, नाही तर रॅक उचलताना बॉल सोबत ओढले जातात.

माझा पहिला रॅक याच मापाचा होता, अगदी बरोबर. तरी बॉल आत खुळखुळत होते. वाढईकाका म्हणे माप चुकलं, मी म्हणे कापलं चुकीचं, दोघंही टेप घेऊन बसलो तं माप जिथल्या तिथं. मग खाली वाकून बाजूनं पाहिलं. रॅक १८ मिमीच्या प्लायचा एकच थर होता, टेबलवर आडवा ठेवलेला. बॉलचं पोट, म्हणजे जिथं तो सगळ्यात रुंद असतो ते, कापडापासून २८.६ मिमी उंचीवर येतं. प्लाय त्याच्या खालीच संपत होता, आणि १८ मिमी उंचीवर बॉल प्रत्येक बाजूनं दोन मिमी बारीक असतो. तेवढीच फट पडत होती, चारी नाही पण तिन्ही बाजूंनी.

आता कोणीही म्हणेल की मग रॅक आतून सात मिमी लहान करा. मीही तेच केलं, दुसरा रॅक. बॉल मस्त आवळून बसले, पण रॅक वर उचलला की पोटाला अडकला आणि सगळी मांडणी विस्कटली. त्यामुळे इथं दुसरा रस्ताच नाही, भिंत पोटाच्या वर गेलीच पाहिजे. १८ मिमी प्लायचे दोन थर फेविकॉलनं चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा, ३६ मिमी झाले की काम झालं.

आतून फेल्ट, म्हणजे मऊ जाड कापड, लावायचं असेल तर आधीच हिशेबात धरा. आतून १ मिमी फेल्ट चिकटवलं तर वाटतं दोन बाजूंचे मिळून २ मिमी कमी होतील, पण त्रिकोणात बाजू साडेतीन मिमी कमी होते. तिसरा रॅक माझा यातच गेला.

प्लायऐवजी सागवानाच्या पट्ट्या जोडून करणार असाल, आपल्याकडे परतवाडा, बल्लारशाहचं सागवान मिळतंच, तर टोकाचा काप ३० अंशाचा लागतो. वाढई सवयीनं फोटोफ्रेमसारखा ४५ चा मारतो, त्यात त्याची चूक नाही, त्याच्या गुण्यातच, म्हणजे काटकोन पाहायच्या पट्टीतच, ९० आहे. त्याला समोर बसून कागदावर काढून द्या. तिन्ही आतल्या बाजू सारख्या आल्या की कोन आपोआप ६० होतात, वेगळं तपासायची गरज नाही. कोपरा आतून गोल केला तर चालतो, पण बॉलच्या गोलाईपेक्षा जास्त गोल नको, नाही तर कोपऱ्यातला बॉल पूर्ण आत जात नाही आणि मागची सगळी रांग हलते.

नाइन बॉलच्या रॅकमध्ये सगळे फसतात. आकार पत्त्यातल्या चौकटीसारखा, म्हणून लोक सरळ चौकोन करून तिरपा ठेवतात. चौकोनात मधल्या ९ नंबरला चारच बॉल टेकतात, आपल्याला सहा टेकलेले पाहिजेत. दोन कोन ६० चे, दोन १२० चे, आतली बाजू १८०.३ मिमी. इथं मात्र चारही बाजू सारख्या असून पण आकार दबलेला असू शकतो, म्हणून आडवा छोटा कर्ण मोजा, तो पण १८०.३ च आला पाहिजे. एवढं एकच तपासलं तरी अर्धी भानगड मिटते.

काही जण एकाच त्रिकोणात सरकती पट्टी टाकून १५ चा १० करतात. कल्पना एकदम चांगली, पैसा वाचतो, मला स्वतःला हाच रॅक सगळ्यात जास्त आवडतो. पण एक रांग कमी म्हणजे एक बॉल कमी असं धरून पट्टीची खाच ५७ मिमी पुढे पाडतात आणि मग बॉल मावतच नाहीत. रांगा एकमेकींच्या खोबणीत बसतात ना, त्यामुळे दोन रांगांमधलं अंतर ४९.५ मिमी असतं. खाच तिथं पाडा.

पातळ शीटचा रॅक करायचा असेल, ज्याच्या भोकांवर बॉल बसतात तो, तर झेरॉक्सवाल्याकडचं जाड लॅमिनेशन चालतं, दोन्ही बाजू मिळून पाव मिमीचं. भोकं मोठी पाडू नका. पाव मिमी जाडीला साडेसात मिमीपेक्षा मोठं भोक झालं की बॉल त्यात मोकळा हलतो. मी चामड्याला भोक पाडायच्या पंचनं ६ मिमीची पाडतो आणि मधलं अंतर ५७ ठेवतो, थोडं कमी, म्हणजे बॉल एकमेकांना दाबून बसतात. आणि प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजू नका, चूक वाढत जाते. सगळी मापं पुढच्या पहिल्या भोकावरून घ्या.

एवढं करून पण बॉलमध्ये फट दिसत असेल तर रॅकला दोष देण्याआधी बॉल मोजा. वाढईकडे नाही पण गॅरेजवाल्याकडे व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, असतो. जुन्या सेटमध्ये एक-दोन बॉल दुसरीकडून आणून टाकलेले असतात, ते पाव-अर्धा मिमी बारीक निघतात, आणि असा एक बॉल मधात आला की कोणताच रॅक आवळत नाही. मग पाहा फूट स्पॉटजवळचं, म्हणजे रॅकचा सगळ्यात पुढचा बॉल जिथं ठेवतात तिथलं कापड, ब्रेक, म्हणजे खेळाचा पहिला फटका, मारून मारून तिथं बारीक खड्डे पडतात, बॉल त्यात घरंगळतो. तिथं नवीन कापडाशिवाय इलाज नाही.

आपल्याकडे अजून एक आहे, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, फरशी हलते आणि टेबलची लेव्हल जाते. रॅक काढल्यावर बॉल दर वेळी एकाच बाजूला सरकत असतील तर हेच कारण. मी जूनमध्ये एकदा अन् दिवाळीनंतर एकदा लेव्हल लावतो. आणि एमडीएफचा रॅक कूलरसमोर ठेवू नका, एका उन्हाळ्यात माझा कडेनं फुगून बिस्किटासारखा झाला होता. रॅक आता मी टेबलच्या दिव्याच्या साखळीला टांगतो, पोट्टे खाली आपटत पण नाहीत.