ब्राउझर आणि सर्व्हर एकाच भाषेत लिहिताय? मग या चुका टाळा

बडोद्याला आमच्या गणपती मंडळाचं पावतीपुस्तक दोन वर्षांपूर्वी आम्ही मोबाइलवर आणलं, मी आणि माझा भाचा, तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट), नेक्स्टजेएसवर (ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीचा कोड एकत्र लिहायचा साचा), डेटाबेस पोस्टग्रेस. एकच भाषा, एकच फोल्डर, दोन संध्याकाळी बसून पहिलं चालतं रूप तयार, इतकं सोपं वाटलं. आणि मग पहिल्याच आठवड्यात जे जे बिघडलं ते जवळजवळ सगळं एकाच कारणानं बिघडलं, भाषा एक आहे म्हणून आम्ही धरून चाललो की कोड पण एकाच जागी चालतोय. अर्धा कोड डांडिया बाजारात वर्गणीला फिरणाऱ्या पोराच्या मोबाइलवर चालतो, अर्धा कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, आणि मधल्या रस्त्यावर कोणीही उभं असू शकतं. हे डोक्यात पक्कं बसलं की खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

ही एका भाषेची कल्पना तशी जुनी आहे. जावास्क्रिप्ट १९९५ ला ब्राउझरसाठी आली, २००९ ला रायन डालनं नोड काढलं आणि तीच भाषा सर्व्हरवर जाऊन बसली, पण त्याच्याही आधी एडिनबरोला फिलिप वॉडलर आणि त्यांचे सहकारी लिंक्स नावाची भाषा करत होते ज्यात ब्राउझर, सर्व्हर, डेटाबेस तिन्हीचं काम एकाच प्रोग्रॅममध्ये लिहायचं. मग २०११ ला फ्रान्सच्या एमएलस्टेट कंपनीनं ओपा ही भाषा ओपन सोर्स केली. ओपाचा कंपायलर स्वतःच ठरवायचा की कुठलं फंक्शन ब्राउझरला जाईल आणि कुठलं सर्व्हरवर राहील, आणि आपल्याला ठरवायचं असेल तर त्यासाठी भाषेतच शब्द होते, त्यातले दोन मला फार मोलाचे वाटतात. प्रोटेक्टेड, म्हणजे ब्राउझर या फंक्शनला हाक मारूच शकत नाही. एक्स्पोज्ड, म्हणजे बाहेरच्याला इथून दार आहे. ओपाचं काम कधीच थांबलं, पण मी आजही सर्व्हरचं प्रत्येक फंक्शन लिहिताना स्वतःला विचारतो की हे यातलं कुठलं.

बटण लपवलं म्हणजे काम झालं, असं समजणं

आमच्याकडे "पावती रद्द करा" हे बटण फक्त खजिनदारकाकांना दिसायचं. बाकी कार्यकर्त्यांच्या स्क्रीनवर नाहीच, त्यामुळे आम्ही निश्चिंत. आता नेक्स्टमध्ये सर्व्हर अ‍ॅक्शन (पानावरच्या बटणानं चालणारं सर्व्हरवरचं फंक्शन) लिहिताना फाइलच्या डोक्यावर "यूज सर्व्हर" लिहितो ना, त्याचा अर्थ बरेच जण "हा कोड सर्व्हरवर सुरक्षित आहे" असा घेतात, मीही तोच घेतला होता. खरा अर्थ ओपाच्या एक्स्पोज्डच्या जवळचा आहे. त्या फाइलमधून एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन म्हणजे बाहेरून पोस्ट रिक्वेस्ट करून गाठता येईल असं दार. एका रात्री भाच्यानं ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये जाऊन ती रद्द करायची रिक्वेस्ट कर्ल म्हणून (टर्मिनलमध्ये चालणारी कमांड) कॉपी केली, त्यातली लॉगिनची ओळख सांगणाऱ्या कुकीची ओळ काढून टाकली, पावतीचा आयडी बदलला आणि टर्मिनलमध्ये एंटर मारला. पावती रद्द झाली. लॉगिन नाही, काही नाही. माझ्या पोटात गोळा आला, कारण तो आयडी कोणाचाही असू शकला असता.

उपाय काय, तर प्रत्येक अ‍ॅक्शनच्या आत पहिल्या दोन ओळीत दोन प्रश्न. हा कोण आहे, आणि ह्याच पावतीला हात लावायचा ह्याला हक्क आहे का. दुसरा प्रश्न लोक विसरतात, लॉगिन आहे इतकं बघतात आणि सोडून देतात, मग वाडीतला कार्यकर्ता मांडवीच्या कार्यकर्त्याच्या पावत्या बदलू शकतो. आणि ही तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून जाते त्या कोडमध्ये, ठेवून मोकळं होऊ नका. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टच्या मिडलवेअरमध्येच भोक सापडलं होतं, एक ठरावीक हेडर लावून रिक्वेस्ट पाठवली की मिडलवेअर चालायचंच नाही, सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२५-२९९२७ हा त्याचा नंबर, १५ च्या मालिकेत १५.२.३ ला दुरुस्त झालं. ज्यांनी डेटाला हात लावायच्या जागी पण तपासलं होतं त्यांचा डेटा तेव्हाही वाचला. डिसेंबर २०२५ ला तर रिअ‍ॅक्ट सर्व्हर कॉम्पोनंट्समध्ये (पानाचे सर्व्हरवर चालणारे तुकडे) त्याहून भयंकर निघालं, लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता येत होता, तिथे व्हर्जन अपडेट करणं हाच इलाज. तेव्हा चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं म्हणून जुनं व्हर्जन वर्षभर ठेवू नका.

यादीत नाव दिसतं, पण सोर्समध्ये फोन नंबर जातो

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. वर्गणीदारांची यादी आम्ही सगळ्यांसाठी खुली ठेवली होती, स्क्रीनवर फक्त नाव आणि रक्कम. पण सर्व्हर कॉम्पोनंटनं डेटाबेसमधून पूर्ण ओळ आणली आणि ती तशीच्या तशी क्लायंट कॉम्पोनंटला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तुकड्याला, प्रॉप (इनपुट) म्हणून दिली. आता क्लायंट कॉम्पोनंटला दिलेली प्रत्येक गोष्ट पानाबरोबर ब्राउझरकडे जाते, तुम्ही ती दाखवा किंवा न दाखवा. मी पेज सोर्स उघडून कंट्रोल एफ केलं आणि माझाच मोबाइल नंबर टाकला, सापडला. त्याच्या खाली शेजारच्या आजींचा नंबर, त्यांचा पत्ता, मजला सुद्धा. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती होती ही.

टाइपस्क्रिप्ट इथे वाचवत नाही हे नीट समजून घ्या. कॉम्पोनंटच्या टाइपमध्ये तुम्ही फक्त नाव आणि रक्कम लिहिली असेल, तरी ऑब्जेक्टमध्ये जास्तीच्या फील्ड असल्या तर त्या गुपचूप पुढे जातात, टाइप काही त्या कापत नाही. डेटाबेसमधूनच मोजक्या फील्ड सिलेक्ट करा. आणि डेटाबेसला हात लावणाऱ्या फाइलमध्ये "सर्व्हर-ओन्ली" हे पॅकेज इंपोर्ट करून ठेवा, म्हणजे ती फाइल चुकून क्लायंटच्या कोडमध्ये ओढली गेली तर बिल्डच अडतो. तसंच, ज्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगच्या) नावाची सुरुवात "नेक्स्ट पब्लिक" नं होते त्याची किंमत ब्राउझरच्या बंडलमध्ये छापली जाते, तिथे पासवर्ड किंवा सीक्रेट की ठेवायची नाही. ठेवली असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही, ती की रद्द करून नवीन घ्या.

एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर

ब्राउझरमध्ये फाइलच्या वर एक व्हेरिएबल ठेवलं तर ते त्या एका माणसाचं असतं. सर्व्हरवर तेच व्हेरिएबल सगळ्यांचं असतं, कारण एकच प्रोसेस सगळ्यांच्या रिक्वेस्ट घेते. आम्ही "चालू कार्यकर्ता" असं एक व्हेरिएबल फाइलच्या वर ठेवलं होतं, घरी टेस्ट करताना मी एकटाच, कधी काही दिसलं नाही, आणि पहिल्या रविवारी दोन पोरं एका वेळी फिरायला निघाली तर एकानं फाडलेल्या पावत्या दुसऱ्याच्या खात्यात. अशी तक्रार आली, आणि ती कधी होते कधी होत नाही असं असलं, तर आधी मॉड्यूलच्या (फाइलच्या) वरती लिहिलेले लेट (बदलणारं व्हेरिएबल बनवायचा शब्द) शोधा. माणसाशी संबंधित काहीही प्रत्येक रिक्वेस्टमध्ये सेशनमधून नव्यानं घ्यायचं.

पावती नंबरचं पण तसंच. मेमरीत काउंटर ठेवला तर सर्व्हर रिस्टार्ट झाला की पुन्हा एक पासून, आणि दोन इन्स्टन्स (सर्व्हरच्या प्रती) चालू असले तर एकाच नंबरच्या दोन पावत्या. मग आम्ही पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा नंबर देणारा काउंटर) लावला, तर काका विचारायला लागले की ४७ नंबरची पावती कुठे गेली. त्यांचं बरोबर होतं, हिशोबात नंबर गाळून चालत नाही. सीक्वेन्सचं असं आहे की ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र होणारं किंवा एकत्र फसणारं डेटाबेसचं काम) फसलं तरी घेतलेला नंबर परत येत नाही, भोक राहतं. सलग नंबर पाहिजेत तर वेगळ्या टेबलात एक ओळ ठेवा, पावती लिहिण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती एकनं वाढवा, आणि नंबरच्या कॉलमवर युनिक लावा. थोडं हळू होतं कारण सगळे त्या एका ओळीसाठी रांगेत थांबतात, पण मंडळाच्या वर्गणीला किती वेग लागतो.

एकूण वर्गणी ०५०१११००२५१

हा आकडा खरंच स्क्रीनवर आला होता. ५०१, ११०० आणि २५१ अशा तीन पावत्या, बेरीज शून्यापासून सुरू केली आणि रकमा स्ट्रिंग होत्या, त्यामुळे बेरजेऐवजी एकापुढे एक चिकटल्या. टाइपमध्ये आम्ही नंबर लिहिलं होतं, मग स्ट्रिंग कुठून आली? पोस्टग्रेसचा नोडचा ड्रायव्हर न्यूमरिक आणि बिगइंट स्ट्रिंग म्हणून देतो, मोठे आकडे जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये बिघडू नयेत म्हणून. आणि टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल झाल्यावर उरतच नाहीत, तुम्ही "अ‍ॅज" लिहून कंपायलरला गप्प केलं तरी आलेला डेटा काही बदलत नाही. बाहेरून येणारं सगळं, फॉर्म असो, डेटाबेस असो, सर्व्हरवर झॉडसारख्या लायब्ररीनं खरोखर तपासून घ्या. रक्कम शून्यापेक्षा मोठी आहे का ते पण तिथेच बघा, ब्राउझरमधली तपासणी कोणीही काढून टाकू शकतो.

आपल्याकडची खास अडचण आकड्यांची. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की माणूस ५०१ देवनागरीत टाइप करतो, इथे बडोद्यात तर कोणी गुजराती आकड्यात पण करतो. जावास्क्रिप्टला ते आकडे कळत नाहीत, नंबर करायला गेलं की नॅन (म्हणजे हा आकडा नाही) मिळतो, आणि नॅन जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरात) घातला की तो नल (रिकामं) होऊन सर्व्हरला पोचतो. म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये नल दिसतं आणि पोरगा शपथेवर सांगतो की मी ५०१ टाकले होते, दोघंही खरंच बोलत असतात. तपासायच्या आधी देवनागरी आणि गुजराती आकडे साध्या आकड्यात बदलून घ्यायचं छोटं फंक्शन ठेवा, दहा ओळींचं काम आहे.

आरती दुपारी दोनला

संध्याकाळी साडेसातची आरती पान उघडल्या उघडल्या २ वाजता दिसायची आणि क्षणात उडी मारून ७:३० व्हायची, कन्सोलमध्ये हायड्रेशनची (सर्व्हरनं छापलेलं पान ब्राउझरनं ताब्यात घेण्याची) एरर. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे सर्व्हरनं एक वेळ छापली आणि ब्राउझरनं दुसरी. याच कारणानं रात्री बारा ते साडेपाचमध्ये फाडलेल्या पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती, स्थापनेच्या आदल्या रात्री मंडपात जागणाऱ्यांनी दिलेली वर्गणी सगळी चुकीच्या दिवसात गेली. साठवताना यूटीसीच ठेवा, पण छापताना टाइमझोन एशिया/कोलकाता असा दरवेळी स्वतः द्या, सर्व्हरवर पण आणि ब्राउझरवर पण.

"विंडो इज नॉट डिफाइन्ड" ही एरर पण याच घरातली. "यूज क्लायंट" लिहिलेला कॉम्पोनंट पहिल्यांदा सर्व्हरवर पण रेंडर होतो, तिथे विंडो (ब्राउझरच्या खिडकीचं ऑब्जेक्ट) नसते. ते काम यूजइफेक्टमध्ये टाका, ते फक्त ब्राउझरमध्ये चालतं.

पहिल्या संध्याकाळी सगळे एकदम

चतुर्थीला दर्शनाच्या वेळा बघायला सगळ्यांनी एकदम पान उघडलं आणि "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" अशी एरर आली. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनला सेट असतं, आणि सर्व्हरलेस होस्टिंगवर गर्दी वाढली की नवीन नवीन इन्स्टन्स उभे राहतात, प्रत्येकजण आपला वेगळा पूल (कनेक्शनचा साठा) उघडतो, दहा दहाचे पूल आणि दहा इन्स्टन्स म्हटलं की संपलं. आकडा वाढवत बसू नका, मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रोग्रॅम) ठेवा आणि प्रत्येक इन्स्टन्सचा पूल लहान करा. आरतीच्या वेळा दिवसभर बदलत नाहीत, त्या कॅशमधूनच द्यायच्या, त्यासाठी डेटाबेसला उठवायची गरजच काय.

कऱ्हाडकर सापडत नाहीत

शेवटची चूक कुठल्याच इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही. काका "कऱ्हाडकर" शोधायचे, पावती असायची पण निकाल शून्य. नाव स्क्रीनवर डोळ्याला तंतोतंत सारखं. मी दोन्ही नावं अक्षर अक्षर करून कोड पॉइंट (अक्षरांचे युनिकोड नंबर) छापले तेव्हा कळलं, एका कीबोर्डनं ऱ हे एकच अक्षर टाकलं होतं, दुसऱ्यानं र आणि खाली नुक्ता अशी दोन, आणि एका तिसऱ्या मोबाइलनं तर र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). पहिले दोन नॉर्मलाइझ एनएफसी (सारखं दिसणारं एकाच रूपात आणणं) केल्यावर एक होतात, तिसरा होत नाही, त्यासाठी र-हलंत-जॉइनर दिसला की त्याजागी ऱ आणि हलंत ठेवणारी एक ओळ आपणच लिहायची. साठवताना पण आणि शोधताना पण तेच एक फंक्शन वापरायचं, आणि इथे मात्र एका भाषेचा खरा फायदा होतो, ब्राउझरचा सर्च बॉक्स आणि सर्व्हर दोघांनी एकाच फाइलमधून ते घेतलं. जुन्या नोंदी एकदा त्यातून काढल्या, काकांनी पुन्हा कऱ्हाडकर टाकलं, आणि तीन वेगवेगळ्या पोरांनी फाडलेल्या तिन्ही पावत्या एकाखाली एक आल्या.