रोलप्लेइंग खेळाचं नियमपुस्तक नवख्यांना कळेल असं कसं लिहावं

बुद्धिबळाचं खोकं उघडलं की पट दिसतो, मोहरे दिसतात. नियम वाचायच्या आधीच निम्मा खेळ डोळ्यांना कळलेला असतो. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात, म्हणजे जिथे प्रत्येक जण एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका घेतो त्या खेळात, असं काही दिसत नाही. चार-पाच माणसं बसून बोलतात, मधूनच फासा टाकतात, कागदावरचा एखादा आकडा खोडतात. खेळ त्या बोलण्यात असतो. त्यामुळे ज्याने हा प्रकार कधी पाहिलेला नाही, त्याच्या हातात जाडजूड पुस्तक आलं की त्याचा पहिला प्रश्न नियमांबद्दलचा नसतोच. ‘आम्ही बसलो. आता तोंड उघडून म्हणायचं काय?’ हा तो प्रश्न. बहुतेक पुस्तकं इथेच कमी पडतात, कारण लिहिणाऱ्याला स्वतःला हे कुणीतरी शेजारी बसून शिकवलेलं असतं आणि ते लिहावं लागतं हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

ही खोड या खेळाच्या जन्मापासूनची आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांत आलं. ‘चेनमेल’ हा युद्धखेळ आणि ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा बोर्डगेम जवळ असावा, असं त्यातल्या साहित्याच्या यादीतच छापलेलं होतं. युद्धखेळ खेळणाऱ्यांना त्यातून वाट सापडली, बाकीच्यांना नाही. १९७७ मध्ये मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक जे. एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी त्याची सोपी आवृत्ती संपादित केली. खरी उडी मात्र १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी केलेल्या, लाल खोक्यातून आलेल्या आवृत्तीने घेतली. त्यात पात्र कसं बनवायचं हे सुरुवातीला नाहीच. वाचक एकटाच एक योद्धा होऊन गुहेत शिरतो. लढाई म्हणजे काय, हिट पॉइंट (पात्राचा जीव किती उरला ते सांगणारा आकडा) कमी होतात म्हणजे काय, हे त्याला लढता लढता कळतं. अलीना नावाची पुजारीण भेटते, तिच्याशी बोलणं होतं आणि बार्गल नावाचा जादूगार तिला ठार करतो. नियम शिकता शिकता वाचकाला एक वैरीही मिळतो. नियमपुस्तक लिहिणाऱ्याने ही पहिली काही पानं जरूर अभ्यासावीत.

शिकवायची पानं आणि शोधायची पानं

नियमपुस्तकाला दोन कामं करावी लागतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला गोष्टी गरजेच्या क्रमाने हव्या असतात. खेळ चालू असताना पान उलटणाऱ्याला त्या विषयवार, अकारविल्हे हव्या असतात. एकाच मजकुरातून दोन्ही साधायला गेलं की दोघांचेही हाल होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये फाशाची ओळख प्रस्तावनेत थोडक्यात होती, पण क्षमता वापरायच्या कशा याचा तपशील सातव्या प्रकरणात होता. त्याआधी वंश, वर्ग, शस्त्रं, सामान अशी लांबलचक वाट. २०२४ च्या आवृत्तीत ‘खेळायचं कसं’ हे पहिल्याच प्रकरणात आलं आणि शेवटी अकारविल्हे नियमकोश जोडला गेला. हा बदल योग्य दिशेचा आहे.

तुमचं पुस्तक लहान असेल तर सुरुवातीची १२ ते १६ पानं फक्त शिकवण्यासाठी ठेवा. त्यात अपवाद, पर्यायी नियम, जगाचा इतिहास काही नको. पहिला फासा चौथ्या पानापर्यंत पडायला हवा. त्याच नियमांची पूर्ण, कोरडी मांडणी मागच्या भागात पुन्हा करा. एकच गोष्ट दोनदा लिहायला लेखकाला कंटाळा येतो, पण ही द्विरुक्ती आवश्यक आहे. अट एकच: दोन्ही ठिकाणची वाक्यं एकमेकांना छेद देणारी नकोत. नियम बदलला की दोन्ही पानं त्याच दिवशी बदला.

पहिलं पान

किती माणसं लागतात (सूत्रधार, म्हणजे प्रसंग सांगून खेळ चालवणारा, धरून ३ ते ५ असं स्पष्ट लिहा), किती वेळ लागतो, पेन्सिली किती, कुठली पानं छापून घ्यायची आणि कोणी काय वाचून यायचं. शेवटची गोष्ट हमखास राहते. मग चौघेही सगळं पुस्तक वाचायला लागतात आणि दोघं वाटेतच गळतात. ‘सूत्रधाराने पान १ ते १६ वाचावं, बाकीच्यांनी काहीही वाचू नये’ एवढं वाक्य पुरतं.

फाशांबद्दलही इथेच सांगा. ल्युडोच्या डब्यात ६ बाजूंचा फासा मिळतो, २० बाजूंचा मिळत नाही. तोवर काय करायचं, तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाकून एक उचलायची. दर वेळी चिठ्ठी परत टाकायची हे ठळक लिहा, नाहीतर उरलेल्या आकड्यांची शक्यता बदलत जाते. १० बाजूंच्या दोन फाशांवर १ ते १०० मधला आकडा काढायचा असेल तर ‘००’ आणि ‘०’ म्हणजे १०० हे चित्रासकट दाखवा. यावर प्रत्येक नवी मंडळी अडते.

खेळाचा नमुना

संपूर्ण पुस्तकात सर्वांत जास्त मेहनत या दोन पानांवर करा. जपानमध्ये प्रत्यक्ष खेळाचं शब्दांकन छापायची पद्धत आहे, त्याला ‘रिप्ले’ म्हणतात. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही मालिका १९८६ मध्ये ‘कॉम्पटिक’ मासिकातल्या अशाच रिप्लेपासून सुरू झाली. खेळ कानावर पडला की तो कळतो, हेच त्यामागचं सूत्र. पण बहुतेक पुस्तकांतला नमुना फार गुळगुळीत असतो: सगळे अस्खलित बोलतात, सगळे फासे यशस्वी पडतात, कुणी काही विचारत नाही. असा नमुना काही शिकवत नाही. त्यात एक अपयश, एक चूक आणि फासा न टाकलेला एक प्रसंग असायलाच हवा. उदाहरणार्थ:

सूत्रधार: दीपगृहाचं लोखंडी दार गंजलंय. आत कुणीतरी चालतंय. तुम्ही काय करता?
ईशा: मी दाराला कान लावते.
सूत्रधार: बाहेर शांतता आहे, त्यामुळे फासा नको. एकाच माणसाची पावलं ऐकू येतात. तो लंगडतोय.
समीर: मी खांद्याने दार ढकलतो. ताकद वापरू?
सूत्रधार: हो. १५ हवेत. कमी पडले तर दार उघडेल, पण आतल्याला तुमची चाहूल लागेल.
समीर: ८ पडले. ताकद १६. झाले २४!
सूत्रधार: १६ हा मूळ गुण. मिळवायचा तो शेजारच्या चौकटीतला बोनस, ३. म्हणजे ११.
समीर: अरेरे, मग नाही जमलं.
सूत्रधार: दार करकरत उघडतं. पावलं थांबतात. ईशा, कंदील तुझ्या हातात आहे. तू काय करतेस?

नऊ ओळींत वाचकाला कळतं की सूत्रधार प्रसंग सांगून प्रश्न विचारतो, खेळाडू पात्राच्या तोंडून बोलतो, फासा कधी लागत नाही, लक्ष्य आणि तोटा दोन्ही आधी सांगितले जातात, आणि अपयशानंतर गोष्ट थांबत नाही. प्रत्येक ओळीशेजारी समासात बारीक टीप आणि नियमाचं पान द्या.

समीरची चूक मुद्दाम घातली आहे. मूळ गुण १६ आणि बोनस ३ असे दोन आकडे शेजारी छापले की नवखा मोठा आकडा उचलतो. तुमच्या खेळात मूळ गुण पुढे कुठेच वापरला जात नसेल, तर तो पात्राची माहिती लिहायच्या पत्रकावरून सरळ काढून टाका. वापरला जात असेल तर बोनस मोठ्या अक्षरात आणि मूळ गुण कोपऱ्यात बारीक छापा.

नियमाचं वाक्य

नियम कळत नाही तेव्हा त्याच्या वाक्यात पाचपैकी एक गोष्ट गाळलेली असते: केव्हा, कोण, काय टाकतो, कशाशी ताडून पाहतो आणि फसलं तर काय होतं. हे वाक्य पाहा: ‘अवघड परिस्थितीत कौशल्यानुसार चाचणी घ्यावी. सूत्रधार योग्य ते बदल करू शकतो.’ यात पाचही गोष्टी नाहीत. हेच असं लिहिता येतं: ‘पात्राचं काम फसू शकतं आणि फसल्यावर काहीतरी बिघडू शकतं, तेव्हाच फासा टाका. खेळाडू २० बाजूंचा एक फासा टाकून त्यात बोनस मिळवतो. बेरीज सूत्रधाराने सांगितलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर काम झालं. कमी आली तर सूत्रधाराने आधी सांगितलेला तोटा होतो.’ लांबलं खरं, पण वाद मिटला. ‘इतकी किंवा जास्त’ यातला ‘इतकी’ विसरू नका. नेमकी १५ बेरीज आली की सगळा खेळ तिथे थांबतो.

लक्ष्याचे आकडे तीनच द्या: १०, १५, २०. सोबत शक्यताही द्या, कारण नव्या सूत्रधाराला १५ म्हणजे किती अवघड हे अंगवळणी पडलेलं नसतं. बोनस ३ असेल तर १० गाठायची शक्यता ७० टक्के, १५ ची ४५ आणि २० ची २०. हे न सांगितल्यास तो प्रत्येक गोष्टीला २० मागतो आणि खेळाडू पाचपैकी चारदा आपटतात. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) सारख्या खेळात ६ बाजूंचे दोन फासे टाकतात: १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे किंमत मोजून यश. बोनस शून्य असेल तर पूर्ण यश ३६ पैकी ६ वेळाच मिळतं. म्हणून मधल्या निकालाची उदाहरणं भरपूर द्यावीत; नवा सूत्रधार अडतो तो तिथेच.

एक वाक्य ठळक चौकटीत टाका: पुढची गोष्ट ज्या माहितीवर अवलंबून आहे, तिच्यासाठी फासा टाकू नका. किल्लीचा सुगावा फाशावर ठेवला आणि चौघांचेही फासे फसले की खेळ तिथेच संपतो. रॉबिन लॉज यांची ‘गमशू’ पद्धत याच अडचणीवर उभी आहे: शोधणाऱ्याकडे योग्य कौशल्य असलं की मुख्य सुगावा मिळतोच.

पहिली मोहीम

तयार पात्रं द्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ५ तयार पात्रं, ३२ पानी नियमपुस्तिका आणि ६४ पानी मोहीम, म्हणजे खेळायला तयार गोष्ट, होती. नवख्याला पात्र बनवायला लावणं म्हणजे खेळ न पाहताच त्यातले शेकडो पर्याय निवडायला सांगणं. ते दुसऱ्या बैठकीला ठेवा.

मोहिमेत ५-६ जागा पुरेत आणि प्रत्येक जागेत एकच नवा नियम यावा: पहिल्या जागेत साधा फासा, दुसऱ्या जागेत संभाषण, तिसऱ्या जागेत लढाई. लढाई, जादू आणि जखमा एकदम आल्या की सूत्रधार पानं उलटत बसतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर चार ओळींच्या वर नको, आणि तो ‘तुम्ही काय करता?’ यानेच संपू द्या.

सगळे हरले तर काय, हे हमखास लिहा. त्याच स्टार्टर सेटच्या सुरुवातीला गॉब्लिनांचा छापा आहे आणि पात्रं हरली तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध टाकून, लुटून निघून जातात, असं तिथे सांगितलं आहे. दोन ओळींची ही तरतूद नव्या सूत्रधाराला वाचवते, नाहीतर पहिल्याच तासात सगळी पात्रं मेली की त्याला वाटतं आपलंच चुकलं.

मराठीत लिहिताना

शब्द आधी ठरवा आणि मग बदलू नका. ‘डाव’ म्हणजे पूर्ण खेळ, एक बैठक की एक फेरी? तिन्ही अर्थ चालतात, म्हणून त्यातला एकच निवडा. ‘बैठक’, ‘फेरी’ आणि ‘पाळी’ असे तीन शब्द ठेवले तर गोंधळ होत नाही. ‘पातळी’ तर फारच फसवी. इंग्रजीत पात्राची, मंत्राची आणि तळघराची अशी सगळ्याचीच ‘लेव्हल’ असल्यामुळे नवखे गोंधळत आले आहेत. मराठीत ‘पात्राची पातळी’, ‘मंत्राची श्रेणी’, ‘तळघराचा मजला’ असे वेगळे शब्द सहज मिळतात, ते वापरा. हिट पॉइंटला ‘हिट पॉइंट’च म्हणा, ओढूनताणून केलेला प्रतिशब्द कुणी बोलत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष हवं. ‘तू दार उघडतोस’ लिहिलं की अर्ध्या वाचकांना ते आपल्यासाठी वाटत नाही. नियमांत ‘तुम्ही उघडता’ असं लिहा. लिंगाचा प्रश्न उरत नाही. नमुन्यातल्या संवादात मात्र खरी माणसं बोलतात तसं ‘करतेस’, ‘करतोस’ येऊ द्या.

सूची आणि ‘पान अमुक पाहा’ हे काम छपाईच्या अगदी आधी करा. पानांची जागा रिकामी सोडून ‘पान ००’ असं लिहिलेलं असेल तर शेवटी संपूर्ण फाइलमध्ये ‘००’ शोधा. एकतरी राहिलेलं सापडतंच.

शांत बसून तपासणी

हे खेळ कधीही न खेळलेली चार माणसं बोलवा. त्यांना छापील प्रत, फासे आणि पत्रकं द्या आणि तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात गप्प बसा. विचारलं तरी उत्तर ‘पुस्तकात बघा’ एवढंच. घड्याळ लावा. पहिला फासा ३० मिनिटांत पडला नाही तर सुरुवातीची पानं पुन्हा लिहायची. कुठल्या पानावर ते मागे उलटले, कुठलं वाक्य दोघांनी दोन अर्थांनी वाचलं, कुठे कुणी बेरीज चुकवली, कुठे ‘आता काय?’ म्हणून सगळे गप्प झाले, हे पानाच्या आकड्यासकट लिहून ठेवा.

दुरुस्ती करताना शेवटी ‘नेहमीचे प्रश्न’ असं पान जोडू नका. प्रश्न ज्या पानावर पडला त्याच पानावर उत्तर जायला हवं, कारण अडलेला माणूस शेवटचं पान उघडत नाही. आणि पुढच्या तपासणीला दुसरी चार माणसं बोलवा, कारण पहिली चौघं आता नवखी राहिलेली नाहीत.