घरी रेकॉर्ड केलेल्या रॉक गाण्याचं मिक्स: आधी गिटारचा गाळ काढा

घरी केलेलं रॉक मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे ट्रॅक जुळवून केलेलं गाणं, बहुतेक वेळा गिटारपाशीच बिघडतं. तिच्या खालच्या सुरांचा गढूळपणा, म्हणजेच गाळ, साचला की ड्रम दबतात, बास कुठे गेला कळत नाही आणि गायक शेजारच्या खोलीतून ओरडतोय असं वाटतं. नवे प्लगिन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) विकत घेऊन यातलं काही सुटत नाही.

सगळे प्लगिन बंद करा आणि सगळे फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) खाली घ्या. आधी किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) वर आणा, पीक (आवाजाची सर्वोच्च पातळी) साधारण उणे १० डीबीवर. मग स्नेअर, बास, गायन आणि शेवटी गिटार. हा क्रम मुद्दाम आहे. गिटार आधी चढवली तर बाकीचे तिच्याशी स्पर्धा करत चढत जातात. मास्टरवर (सगळ्यांच्या एकत्रित आवाजावर) पीक उणे ६ डीबीच्या आसपास राहू द्या. ऐकताना आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसलेल्याशी नेहमीच्या सुरात बोलता येईल. मोठ्या आवाजात सगळंच भारी वाटतं.

ड्रम माइकने घेतले असतील तर स्नेअर आणि ओव्हरहेड (ड्रमच्या वर लावलेले माइक) एकत्र वाजवून स्नेअरच्या ट्रॅकवर पोलॅरिटी (ध्वनिलहरीची अधिक-उणे दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला स्नेअरचं अंग भरलेलं लागेल, ती ठेवा. ड्रम प्रोग्रॅम केलेले असतील तर प्रत्येक ठोक्याची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) १२७, म्हणजे कमाल, ठेवू नका. हाय-हॅटमध्ये तर ते लगेच पकडलं जातं.

आता गिटार. डावी-उजवी रुंदी हवी असेल तर तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) दोनदा वाजवून दोन वेगळे टेक घ्या आणि पूर्ण डावीकडे-उजवीकडे टाका. एकाच टेकची कॉपी करून दोन बाजूंना लावली तर आवाज मध्येच राहतो, फक्त मोठा होतो. कॉपी १५-२० मिलिसेकंद सरकवली तर रुंद वाटते खरी, पण मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐकलं की सूर पोकळ होतो, कारण काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. दोन टेक असतील तर डिस्टॉर्शनचा गेन (आवाज किती फाडायचा ते प्रमाण) एकट्या गिटारला ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. जास्त गेनमध्ये पिकचा ठोका चेपला जातो आणि रिफचा फक्त घोंगाट उरतो. हे रेकॉर्डिंगनंतर इक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) दुरुस्त होत नाही. डीआय ट्रॅक (अँपशिवाय थेट घेतलेला गिटारचा कोरा आवाज) जपून ठेवला असेल तर अँप सिम्युलेटरमध्ये (अँपची नक्कल करणाऱ्या प्लगिनमध्ये) गेन उतरवून पुन्हा काढा.

मग गिटारवर ८० ते १०० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा. एकटी ऐकताना गिटार पातळ वाटेल, वाटू द्या. खालचं अंग बासने द्यायचं असतं. २५० ते ४०० हर्ट्झमध्ये २-३ डीबी कापलं की गाळ बसतो. वर माशी गुणगुणल्यासारखी किरकिर येत असेल तर ७-८ किलोहर्ट्झच्या वर लो-पास (वरचं कापणारा फिल्टर). हे सगळं सोलो बटण (एकच ट्रॅक ऐकवणारं) न दाबता, पूर्ण बँड चालू असताना करायचं.

किक आणि बास यांच्यात खालची जागा वाटून द्या. किकला ६० हर्ट्झ दिलं तर बासचा जोर ९०-१०० वर ठेवा. बास मोबाइलवर ऐकूच येत नाही ही नेहमीची तक्रार, कारण इतके लहान स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसे वाजतच नाहीत. बासच्या ट्रॅकची कॉपी करून तिच्यावर डिस्टॉर्शन आणि २५० हर्ट्झचा हाय-पास लावा आणि ती मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा.

इथे खोलीही फसवते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दुप्पट जोमाने. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलात तर नेमका तोच सूर गायब. म्हणून खुर्ची थोडी पुढे सरकवा आणि बासचा अंतिम निर्णय हेडफोनवर पडताळून घ्या.

गायनावर कंप्रेसरच्या (मोठे आवाज दाबणाऱ्या प्लगिनच्या) आधी ओळीओळीचा आवाज हाताने समान करा. काम कंटाळवाणं, पण फरक सर्वांत मोठा इथेच पडतो. मग कंप्रेसर ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आसपास, जोरकस ओळीवर ४-५ डीबी खाली येईल इतका. ‘स’, ‘श’ टोचत असतील तर ६-८ किलोहर्ट्झवर डी-एसर (असे टोचरे आवाज दाबणारं प्लगिन). रिव्हर्बला (खोलीतल्या घुमण्याच्या परिणामाला) ३० मिलिसेकंद प्री-डिले, म्हणजे सुरू होण्याआधीचा विलंब, द्या, म्हणजे शब्द पुढे राहतात. रिव्हर्बच्या ट्रॅकवरही २०० हर्ट्झचा हाय-पास हवाच. तरी गायन बुडत असेल तर ते चढवण्याऐवजी गिटारमध्ये २-३ किलोहर्ट्झला २ डीबी कापा.

तुलनेसाठी त्याच धाटणीचं एखादं प्रकाशित गाणं प्रोजेक्टमध्ये आणा आणि त्याचा आवाज तुमच्या मिक्सइतका होईपर्यंत उतरवा, बहुधा ६ ते १० डीबी. हे केलं नाही तर मोठं वाजणारं तेच चांगलं वाटेल. मोनो बटण दाबून गिटार किती खाली जाते तेही बघा. थोडी जाणारच, रिफच दिसेनासा झाला तर एखादी गिटार मध्याकडे ओढा.

शेवटी २४ बिट वेव्ह फाइल काढा. मास्टरिंग दुसरा कुणी करणार असेल तर मास्टरवरचा लिमिटर (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारं प्लगिन) काढून टाका. स्वतःच करणार असाल तर लिमिटरचं सीलिंग (वरची मर्यादा) उणे १ डीबी ट्रू पीक (नमुन्यांच्या मधले उंचवटेही धरून मोजलेली पातळी) ठेवा.