वाकड्या चोचीचं पिलू भरल्या वाटीपुढे उपाशी का राहतं? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीखालून अकरा पिलं निघाली. यावल तालुक्यात केळीच्या मळ्याशेजारी आमचं घर, कोंबड्या माझ्या सासूबाईंच्या काळापासूनच्या. दहाव्या दिवशी एका पिलाची वरची चोच डावीकडे सरकलेली दिसली. मी म्हटलं, मोठं होईल तशी सरळ होईल. पिलू दिवसभर वाटीशी असायचं, टोचायचं, इतरांबरोबर पळायचं. सतराव्या दिवशी सकाळी ते मेलेलं सापडलं. हातात घेतलं तेव्हा कळलं, छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागत होतं. पिसांच्या फुगाऱ्यात ते मला आधी दिसलंच नव्हतं.

वाटी भरलेली होती आणि पिलू भुकेने गेलं. पुढच्या वर्षी तसंच दुसरं पिलू निघालं आणि ते जगलं. दुसऱ्या वेळी मी त्याच्या चोचीशी फार खटपट केली नाही, वाटी आणि खाद्य बदललं. पहिल्या वेळी केलेल्या आणि आजूबाजूला पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

"टोचतंय म्हणजे खातंय" असं समजणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. कोंबडीची चोच चिमट्यासारखी चालते. दोन्ही टोकं जुळली तरच दाणा उचलला जातो. टोकं कात्रीसारखी एकमेकांवरून गेली की पिलू शंभर वेळा टोचतं आणि त्यातले चार दाणे पोटात जातात. लांबून पाहणाऱ्याला ते खादाड वाटतं, कारण ते वाटी सोडतच नाही. पहिले दोन-तीन दिवस तर काहीच कळत नाही, कारण अंड्यातला बलक पिलाच्या पोटात असतो आणि त्यावर ते तग धरतं. वाकडेपणाही बहुतेक वेळा जन्मतः दिसत नाही. कवटी आणि चोच वाढू लागली की पहिल्या काही आठवड्यांत तो उघडा पडतो आणि वाढत जातो.

यावर उपाय म्हणजे वजनाचा काटा. स्वयंपाकघरात वापरतात तो, ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. गावरान पिलू जन्मतः साधारण ३० ग्रॅमचं असतं. वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, पिलू आत ठेवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. रोज एकाच वेळी, सकाळी खाणं देण्याआधी. आकडा रोज थोडा तरी वर गेला पाहिजे. सलग दोन दिवस तो तिथेच राहिला किंवा खाली आला तर त्याच दिवशी खाणं बदला, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सोबत एखाद्या चांगल्या चोचीच्या भावंडाचंही वजन घेत जा, म्हणजे फरक डोळ्यांपुढे राहतो.

दुसरी खूण गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला उजवीकडे असते. तिथे अन्नाची पिशवी असते. रात्री पिलं कोंडताना ती बोटाला भरलेली, मऊ लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. रात्रीच रिकामी असेल तर दिवस उपाशी गेला. सकाळीही फुगलेली आणि आंबूस वास येणारी असेल तर अन्न पुढे सरकत नाही, डॉक्टरांना दाखवा.

पसरट ताटली आणि कोरडा दाणा

आपल्याकडे पिलांना ज्वारी-बाजरीच्या कण्या जमिनीवर टाकायची रीत आहे. चांगल्या चोचीला ते ठीक, वाकड्या चोचीला सपाट जागेवरचा दाणा उचलणं जमतच नाही. तिला खालून खोऱ्यासारखं उकरून घ्यावं लागतं, म्हणून खाद्याचा थर जाड हवा आणि वाटी खोलगट व जड. मी स्टीलची वाटी विटेच्या तुकड्यावर ठेवते, पिलाच्या छातीच्या उंचीला. निदान दोन बोटं खोल खाद्य असलं की चोच बुडते, बाजूने जीभ लागते आणि घास आत जातो. पिलू वाढेल तशी वीट बदलायची.

खाद्य म्हणजे दुकानात मिळणारं पिलांचं स्टार्टर, कोमट पाण्यात भिजवलेलं. त्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात आणि जीवनसत्त्वंही. नुसत्या मक्याच्या भरड्यावर हे पिलू उभं राहत नाही. भिजवण्याचं माप सांगायचं तर पिठल्याइतकं सैल नको आणि झुणक्याइतकं मोकळंही नको, त्याच्या मधलं. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं कुस्करून मिसळते. सरकीची ढेप मात्र चुकूनही देऊ नका. कापसाचा मुलूख असल्याने ती गोठ्यात असतेच, पण सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य कोंबडीला बाधतं, गुरांचं खाणं गुरांनाच राहू द्या. पेरणीचं रंग लावलेलं मक्याचं बियाणं उरलं असेल तर तेही पिलांच्या वाटेला जाऊ नये.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ वर जातो आणि भिजवलेलं खाद्य दोन तासांत आंबतं. थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. उरलेलं काढून टाका, वाटी घासून उन्हात वाळवा. बुरशी आलेला मका भिजवून खपवण्याचा मोह सगळ्यात वाईट.

ओल्या खाद्याचा एक त्रास असतो. ते वाकड्या चोचीच्या फटीत आणि जिभेखाली चिकटून वाळतं आणि खडा होतो. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तोंड पुसून घ्या. मिनिटाचं काम आहे, पण हा खडा राहिला तर आतून जखम होते.

पाणी तोंडात ओतणं

दया आली की माणूस पहिलं हेच करतो, सिरिंज किंवा चमचा घेऊन पाणी घशात सोडतो. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. पाणी तिथे गेलं की पिलू तिथल्या तिथे गुदमरतं किंवा दोन दिवसांनी छातीच्या संसर्गाने जातं. थेंब चोचीच्या कडेला लावा, ते स्वतः ओढून गिळेल. रोजच्या पाण्यासाठी भांडं चोच नाकपुड्यांच्या अलीकडपर्यंत बुडेल एवढं खोल हवं आणि त्यात गोटे टाकलेले हवेत, नाहीतर लहान पिलू बुडून मरतं. दुधाचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका, पक्ष्यांना दूध पचत नाही.

चोच ओढून, बांधून किंवा नेलकटरने कापून सरळ करणं

चोचीत आत हाड आहे, वरून आपल्या नखासारखं कठीण आवरण. वाकडं असतं ते बहुतेकदा आतलं हाड. वरून चिकटपट्टी बांधून किंवा बोटाने रोज दाबून ते जागेवर येत नाही. पट्टीने खाणं बंद होतं आणि नाकपुडी झाकली गेली तर श्वासही. मोठ्या पोपटांच्या पिलांवर पक्ष्यांचे डॉक्टर असे उपचार करतात, पण ते घरी करण्याजोगं नाही.

वरचं आवरण मात्र आयुष्यभर वाढतं. चांगली कोंबडी दगडावर चोच घासून, दाणे टिपून ते झिजवते. वाकड्या चोचीची टोकं एकमेकांवर घासतच नाहीत, म्हणून ती लांब वाढून गालावर किंवा खाली टोचायला लागतात. तेवढंच टोक कमी करायचं. पिलू लहान असताना बहुधा गरज पडत नाही, पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी पडते. त्याला फडक्यात गुंडाळा, मोबाइलचा टॉर्च चोचीमागे धरा. आतला जिवंत भाग गडद किंवा गुलाबी दिसतो, पुढचं टोक उजेड आरपार सोडतं. फक्त त्या आरपार टोकाला नखं घासायची कानस लावा. नेलकटरने चोच उभी तडकते, हे मी शेजारच्या अंगणात पाहिलंय, त्या कोंबडीने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. रक्त आलंच तर मक्याचं पीठ किंवा हळद लावून काही मिनिटं दाबून धरा.

रोग समजून घाबरणं, किंवा रोगालाच वाकडेपणा समजणं

वाकडी चोच इतर पिलांना लागत नाही. नवापूरने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लू पाहिला, त्यामुळे खानदेशात कोंबडीत काही वेगळं दिसलं की लोक हबकतात, ते मी समजू शकते. पण एका पिलाची चोच फिरणं हा त्यातला प्रकार नाही. तोंड सुजणं, निळसर तुरा, एकामागून एक पक्षी मरणं, असं काही दिसलं तर मात्र सगळं बाजूला ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चोचीभोवती खपल्या आल्या असतील तर ती देवी असू शकते, त्यावर कानस चालवू नका. आणि चोच वाकडी आहे, जगेल न जगेल, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवसाची राणीखेत रोगाची लस चुकवू नका. ती डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, चोचीचा संबंधच येत नाही.

कळपात सोडून देणं किंवा कायमचं वेगळं कोंडणं

दोन्ही चूक. कळपात इतर पिलं त्याचं खाणं आधी फस्त करतात. एकटं ठेवलं तर ते ओरडून-ओरडून खाणं सोडतं. मी खाण्याच्या वेळी अर्धा तास त्याला डालग्याखाली वाटीसकट ठेवायची, बाकी वेळ भावंडांबरोबर. अशा पिलाला पिसं नीट साफ करता येत नाहीत, म्हणून उवा लवकर होतात. पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी आठवड्यातून एकदा पाहा. चुलीची राख मिसळलेली कोरडी माती लोळायला ठेवा.

सगळं करूनही काही पिलं वाचत नाहीत. चोच इतकी फिरलेली असते की जीभच आत जात नाही, वजन रोज उतरतं. तेव्हा त्याला दिवसेंदिवस झिजत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून त्याचे हाल थांबवणं मला योग्य वाटतं. लिहायला सोपं आहे, करताना हात थरथरतो.

त्याच अंड्यांवर पुन्हा कोंबडी बसवणं

माझं जगलेलं पिलू आज अंडी देणारी कोंबडी आहे. तिची अंडी आम्ही खातो, उबवायला ठेवत नाही, कारण हा दोष रक्तातूनही उतरतो. इतर कारणंही आहेत. उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर राहिलं नाही तर पिलं अधू निघतात, आणि भारनियमनाच्या दिवसांत ते सांभाळणं किती अवघड हे इथे सांगायला नको. अंडी देणाऱ्या कोंबडीला वर्षभर नुसती ज्वारी मिळाली तर बायोटिन, फॉलिक ॲसिड, मँगनीज कमी पडतं आणि तेही पिलाच्या चोचीत दिसू शकतं. आमच्या घरी दोन्ही वर्षी एकच कोंबडा होता, तोही याच अंगणात जन्मलेला. यंदा चोपड्याच्या पाहुण्यांकडून दुसरा आणला, कोंबड्यांना रोज मूठभर हिरवा पाला आणि तयार खाद्य सुरू केलं. खुराड्यात आता नऊ पिलं आहेत, बारा दिवसांची. रोज संध्याकाळी एकेक तळहातावर घेऊन समोरून चोच पाहते आणि कॅलेंडरवर नऊ आकडे लिहिते.